फाटकाच्या कुलपाचा फोटो

"या फोटूतलं भोक कुटं गेलं, त्ये सांगा."

अनसूया ऐवळेनं कंपनीचा छापील कॅटलॉग माझ्या टेबलावर आपटला. वाळत ठेवलेल्या काचा खणखणल्या. मी आधी काचा सावरल्या, मग तिच्याकडे पाहिलं. चाळिशीची, उभ्या बांध्याची बाई, पदर कमरेला खोचलेला, पायांत धुळीनं पांढऱ्या पडलेल्या वहाणा. सोनवडीच्या फाटकापासून आमचा कारखाना साडेतीन मैल. ती चालत आली होती आणि भांडायलाच आली होती.

"आधी वहाणा बाहेर काढा," मी म्हटलं. "इथं धूळ चालत नाही."

"काडते. भोक दावा."

साल एकोणीसशे अडुसष्ट. नाडगौडा इलेक्ट्रिकल वर्क्सला त्या वर्षी पन्नास वर्षं होत होती आणि त्यानिमित्त एक जाडजूड आल्बम निघायचा होता, नाडगौडा मालकांनी लावलेल्या शोधांच्या जुन्या छायाचित्रांचा. त्यांची पहिली विजेची मोटर, विहिरीवरचा पंप, सिग्नलचा दिवा, रुळांवर आपली आपण चालणारी विजेची ट्रॉली आणि रेल्वे फाटकाचं विजेचं कुलूप. मालक जाऊन नऊ वर्षं झाली होती. मागे उरल्या होत्या काचेच्या निगेटिव्ह, लाकडी खोक्यांत, जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या. त्यांतल्या तीस निवडून, साफ करून छपाईला द्यायचं काम माझ्याकडे होतं. मी वत्सला मोघे, कंपनीची रिटचर. वडिलांच्या फोटो स्टुडिओत हे काम शिकले, आणि बाविसाव्या वर्षी मालकांनी मला इथं आणून बसवलं.

रिटचरचं काम असं, की काचेखाली दिवा लावायचा, डोळ्याला भिंग लावायचं आणि सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीनं निगेटिव्हवरचे डाग, ओरखडे भरून काढायचे. निगेटिव्हमध्ये सगळं उलट. फोटोत जे काळं दिसणार, ते काचेवर पारदर्शक असतं. ते पेन्सिलीनं भरलं की फोटोतून गेलंच. शिवाय यंत्रामागची भिंत, जमिनीवरचं तेल, शेजारी उभा असलेला कामगार, हे सगळं लाल रंगानं झाकायचं, म्हणजे पांढऱ्या कागदावर यंत्र तेवढं दिसतं. मालकांची शिस्तच होती तशी. गिऱ्हाइकाला यंत्र दाखवायचं, पसारा दाखवायचा नाही, असं ते म्हणत. शेकडो कामगार मी असे नाहीसे केले आणि त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही.

अनसूयेचा नवरा रामजी हा सोनवडी फाटकावरचा गेटमन. दोन महिन्यांपूर्वी त्या फाटकात खडीचा ट्रक रुळांवर असताना पॅसेंजर गाडी आली. ट्रकचा ड्रायव्हर आणि क्लीनर जागच्या जागी गेले. रेल्वेची चौकशी बसली. रामजी पहिल्या दिवसापासून एकच सांगत होता. फाटक मी बंद केलं, कुलपाची चावी माझ्या कमरेला होती, मी निशाण घेऊन पलीकडे गाडीकडे तोंड करून उभा होतो. खडी टाकून घ्यायची घाई झालेल्या, रुळांच्या कामावरच्या मुकादमानं माझ्या पाठीमागे कुलपाच्या पेटीला बाजूनं असलेल्या दुसऱ्या भोकात आपली चावी घातली आणि ट्रक आत घेतला. एखादे वेळी वीज गेली तर फाटक अडकून राहू नये म्हणून ते भोक ठेवलं होतं आणि त्याची चावी मुकादमाजवळ असे. मुकादम म्हणाला, असलं भोकच नव्हतं, गेटमनला झोप लागली. पेटीचा तर गाडीनं चुरा केला होता.

आता मेख अशी होती, की त्या जातीच्या पेट्या मालकांनी सहाच केल्या होत्या, एक्कावन्न साली, स्वतः फिटरच्या शेजारी उभं राहून, ड्रॉइंग न काढता. आधी यंत्र चालवून बघायचं आणि मग कागद काढायचा, ही त्यांची खोड. ड्रॉइंग निघालं ते पुढच्या सुधारलेल्या पेटीचं, आणि तिला एकच भोक होतं. पहिल्या सहांतल्या पाच केव्हाच मोडीत गेल्या. सहावी सोनवडीला राहिली होती. तिच्या जातीचा पुरावा म्हणून जगात उरला होता तो एक फोटो, आणि त्यात एकच भोक दिसत होतं, समोरचं. त्या फोटोवर रामजीची नोकरी, राहतं क्वार्टर आणि पुढचा फौजदारी खटला अडकला होता.

"मालक सोता आलं व्हतं पेटी बसवाया," अनसूया म्हणाली. "माज्या नवऱ्याला त्येनीच शिकवलं. हितनं तुजी चावी, हितनं मुकादमाची. मी भाकरी घिऊन गेल्ते, म्या ऐकलंय."

"तुम्ही ते भोक पाहिलंत?"

ती अडखळली. "पेटीला हात लावाया मला कोन देतंय? पर त्येनी सांगितलंय."

"फोटोत नाही म्हणजे पेटीत नव्हतं. काच खोटं बोलत नाही."

"काच न्हाई बोलत. तुमी बोलताय," ती म्हणाली. "तुमी पुसलंय त्ये. समदं कारखान्यातलं लोक म्हंत्यात, मोगेबाई उबा मानूस पुसत्यात. भोकाची काय कता."

खात्यात आठ जण काम करत होते. आठही जणांनी माना वर केल्या. कोपऱ्यातला एक जण हसला, ते मी ऐकलं, आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. रागाच्या बाबतीत मी तेव्हाही आगाऊ होते, आजही आहे. ऐंशी ओलांडली तरी त्यात फरक नाही.

"तुमचा नवरा त्या दिवशी सलग दुसरी पाळी करत होता ना?" मी म्हटलं. पेपरात आलं होतं ते. "मग तो झोपला होता का, हे त्याला जाऊन विचारा. घरी विचारायचं धाडस होत नाही म्हणून इथं येऊन आमच्यावर आळ घेऊ नका."

तिनं कॅटलॉग उचलला, ते पान पुन्हा उघडून बघितलं, आणि ती गेली. मी जिंकले. मला बरं वाटलं, हे कबूल करते.

प्रसिद्धी खात्याचे प्रमुख नवाथे त्यांच्या खोलीतून सगळं ऐकत होते. मालकांच्या हाताखाली वाढलेला माणूस, टेबलावर मालकांचा फोटो, त्याला रोज ताजा हार. ते बाहेर आले आणि माझ्या टेबलाशी उभे राहिले.

"उद्या चौकशीत तुम्हाला काच घेऊन बोलावलंय," ते म्हणाले. "साहेब विचारतील, फेरफार आहे का. नाही म्हणायचं. आल्बमचं प्रकाशन मंत्र्यांच्या हातून आहे, आणि रेल्वेची नव्या सिग्नलची ऑर्डर तोंडाशी आलीय. मालकांच्या कुलपानं दोन माणसं मारली, असं कुणी म्हणता कामा नये."

"मला सांगायला नको," मी म्हटलं.

चौकशी सोनवडी रोड स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये होती. टेबलामागे चौकशीचे साहेब, शेजारी लिहून घेणारा कारकून. भिंतीशी बाकावर रामजी बसला होता, सडपातळ, निळा गणवेश इस्त्री केलेला, टोपी मांडीवर. त्याला मी पहिल्यांदाच पाहत होते. अनसूया दारात उभी होती.

साहेबांनी काच उजेडाकडे धरली. "बाई, या निगेटिव्हवर काही काम केलेलं आहे?"

"मागची भिंत लाल रंगानं झाकलीय. ती सगळ्याच फोटोंत झाकतात."

"प्रत्यक्ष यंत्रावर?"

"नाही."

"नक्की?"

"सतरा वर्षं माझ्या हाताखाली आहे ती काच. नक्की."

कारकुनानं लिहिलं, मी खाली सही केली. दाराकडे पाहिलं तर अनसूया माझ्याकडे बघत नव्हती. ती रामजीकडे बघत होती.

भोक होतं. पेटीच्या उजव्या अंगाला, कडीच्या खाली, काचेवर तांदळाच्या कणीएवढं पारदर्शक. एक्कावन्न सालच्या भाद्रपदात मालक माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले होते, "वत्सला, ते भर. कुलपाला दुसरी चावी आहे असं दिसलं की घेणाऱ्याचा कुलपावरचा विश्वास उडतो." मी अर्धा तास भिंग लावून बसले आणि ते असं भरलं, की पेटीच्या रंगाशी रंग मिळून गेला. मालकांनी चार लोकांना बोलावून ते काम दाखवलं. माझ्या हातून झालेल्या चांगल्या कामांत मी ते धरत असे.

मग खोटं का बोलले? नोकरीसाठी, नवाथ्यांच्या भीतीनं, असं मी पुढे लोकांना सांगितलं. ते काही खरं नव्हे. त्या बाईनं आठ माणसांदेखत मला सांगितलं की तुम्ही पुसलंय, आणि ती बरोबर होती. हे मला सहन झालं नाही. एवढंच कारण.

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमाराला रामजी आमच्या खात्यात आला. वहाणा त्यानं न सांगता बाहेर काढल्या होत्या. मी मनातल्या मनात कंबर कसली. बायकोला दिलं त्याहून तिखट उत्तर माझ्याजवळ तयार होतं.

"बाई, ती काच एकडाव बगू का?" तो म्हणाला.

"चौकशी संपलीय तुमची."

"व्हय. बगून जातो."

नवाथे त्यांच्या खोलीच्या दारात आले होते. "दाखवा, दाखवा," ते म्हणाले. "त्याचंही समाधान होऊ दे."

मी काच दिव्यावर ठेवली, भिंग त्याच्या हातात दिलं, कुठं बघायचं ते बोटानं दाखवलं. तो वाकून पुष्कळ वेळ बघत राहिला. मग शेजारचा छापलेला फोटो हातात घेऊन तोही बघितला.

"न्हाईच की," तो म्हणाला.

मी फोटो त्याच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवला.

"सतरा वर्सं मी ती पेटी रोज पुसायचो. भोकात पानी जाऊ नये म्हून चिंदी घालायचो. दर बेस्तरवारी त्येल सोडायचो." त्यानं आपल्या उजव्या हाताचं बोट उचलून बघितलं. "आन फोटूत न्हाई. मंग माजंच कायतरी फिरलंय. उबं उबं डोळा लागला आसंल, आन बाकीचं मनानंच रचलं आसंल. घरची बी आता तसंच म्हंती."

"शहाणा आहेस," नवाथे म्हणाले.

"सायेबांनी कागूद तयार केलाय," रामजी मला म्हणाला. "कबूल हुन सही दिली तर खटल्यात हलकं बगू म्हनले. चारला सही द्याचीया. म्हनलं, त्याच्या आदी आपल्या डोळ्यांनी बगावं." टोपी दोन्ही हातांत धरून तो जरा वाकला. "आन बाई, घरची परवा तुमाला लई वंगाळ बोलली. तुमी पुसलं म्हनली. तिच्या वतीनं मी माफी मागतो. मनात ठिवू नगा."

तो शिव्या द्यायला आला असता तर मी त्याला हाकलून दिलं असतं आणि घरी जाऊन पोटभर जेवले असते. माझ्यामुळे हा माणूस स्वतःच्या बोटावर अविश्वास दाखवत होता, आणि वर मलाच नमस्कार करत होता. मला स्वतःची किळस आली.

"थांबा," मी म्हटलं आणि कपाटातून टर्पेंटाईनची बाटली काढली.

"काय करताय?" नवाथ्यांनी विचारलं.

"काच पुसतेय."

"ती आल्बमची काच आहे."

"माहीत आहे."

ते तरातरा आले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. सतरा वर्षांत त्या माणसानं मला बोटही लावलं नव्हतं. "मोघेबाई, काच कंपनीची आहे. हात काढा."

"काच कंपनीची आहे. तिच्यावरची पेन्सिल माझी आहे. ती मी काढून घेतेय."

"काल सही केलीत ती विसरलात? खोटी साक्ष दिलीत म्हणून तुम्हीच आत जाल."

"जाईन."

"मालकांनी तुम्हाला रस्त्यावरून उचलून इथं बसवलं. त्यांचे असे पांग फेडताय?"

"मालकांनीच भरायला सांगितलं होतं ते," मी म्हटलं. "माझ्या खुर्चीमागे उभे होते. तुम्हीही होतात. काम बघायला बोलावलेल्या चौघांत तुम्ही होतात, नवाथे. वा वा म्हणालात."

त्यांचा हात सैल पडला. आठजणांपैकी कुणी हसलं नाही. मी कापसाचा बोळा भिजवला आणि कडीच्या खाली हलकेच फिरवला. शिसं निघायला वेळ लागत नाही. बोळा करडा झाला, दुसरा घेतला, तोही झाला, आणि तिसऱ्याला खालून दिव्याचा उजेड कणीएवढा वर आला. मी रामजीच्या हातात पुन्हा भिंग दिलं.

तो बघत असताना त्याची पाठ हलायला लागली. आवाज काही नव्हता.

"हाय," तो म्हणाला, आणि तिथंच जमिनीवर बसला.

नवाथ्यांनी कंपनीची जीप द्यायला साफ नकार दिला. कारखान्याच्या दारावरच्या पहारेकऱ्याला फोन करून मला अडवायलाही सांगितलं, पण तो पहारेकरी रामजीच्या गावचा निघाला. काच टॉवेलात गुंडाळून मी छातीशी धरली आणि आम्ही दोघं निघालो. साडेतीन मैलांत तो एकदाच बोलला. "बाई, हात दुखत आसला तर मी धरतो," म्हणाला. मी दिली नाही. काच फुटली तर ती माझ्याच हातून फुटावी असं वाटत होतं.

चारला पाच कमी असताना आम्ही वेटिंग रूममध्ये पोचलो. साहेबांनी आधीचा फोटो आणि आताची काच शेजारी शेजारी ठेवून भिंगानं तपासली. मग मला उभं करून जे काही सुनावलं, तेवढं वडिलांनीही मला कधी सुनावलं नव्हतं. चौकशी बंद व्हायच्या आत येऊन खरं सांगितलं म्हणून ताकीद देऊन सोडलं. मुकादमाला बोलावलं. तो तिसऱ्या प्रश्नाला रडायला लागला आणि त्याच्या घरातल्या ट्रंकेत ती चावी सापडली.

नवाथ्यांनी मला आठ दिवसांत घरी बसवलं. आल्बम निघाला, मंत्र्यांच्या हस्तेच निघाला. तिसाच्या जागी एकोणतीस चित्रं होती. कुलपाचा फोटो नव्हता, आणि कुणी विचारलंही नाही.

रामजी निर्दोष असल्याचा हुकूम निघाल्याचं मला महिन्याभरानं कळलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी मी सोनवडीच्या फाटकावर गेले. का गेले, तेही खरंच सांगते. नोकरी गेली होती, गावात नाव बद्दू झालं होतं, आणि मला वाटत होतं की कुणीतरी एकानं तरी माझे आभार मानावेत.

फाटकाला नवी पेटी बसली होती. रामजी गेटमनच्या खोपीबाहेर तीन दगडांची चूल मांडून स्वतःच भाकरी थापत होता. खोपीत त्याचं अंथरूण गुंडाळून ठेवलेलं दिसत होतं. क्वार्टर पन्नास पावलांवर होतं आणि तिथंही चूल पेटलेली होती, धूर निघत होता. त्यानं मला बघून हात धुतले, घडीचं स्टूल आणून दिलं, माझी नोकरी गेली म्हणून हळहळला. तेवढ्यात गाडीची घंटा झाली आणि तो निशाण घेऊन फाटकाकडे गेला.

मी उठून क्वार्टरकडे गेले. अनसूया दारात बसून ज्वारी निवडत होती. मला पाहून उठली नाही.

"हुकूम निघाला म्हणे," मी म्हटलं. "चांगलं झालं. आता सगळं नीट झालं."

"कुटं नीट झालं?" ती म्हणाली. सुपातून तिनं वर पाहिलं नाही. "तितं भाकरी थापतोय त्ये दिसलं न्हाई व्हय तुमाला?"

मी मागे वळून चुलीकडे पाहिलं.

"तुमच्याकडनं घरी आले त्या दिशी, आन त्येला इचारलं, तू झोपला व्हतास का रं? न्हाई म्हनला. दुसऱ्या दिशी तुमी सायबाम्होरं सांगितलंसा. मंग मी त्यो फोटू त्येच्या म्होरं धरला. म्हनले, ह्यात भोक कुटं हाय, दाव. दोन मानसं मारून किती खोटं बोलशील, सही कर आन मोकळा हो. मी म्हनले. माज्या तोंडानं."

गाडी फाटकातून गेली. ती जाईपर्यंत अनसूया थांबली.

"सायबांनी खोटा म्हनलं, मुकादमानं म्हनलं, तुमी म्हनलासा, पेपरात आलं. त्ये समदं त्येनं सोसलं," ती म्हणाली. "मी म्हनले, त्ये त्येला सोसलं न्हाई. तवापास्नं त्यो माज्या हातचं पानी पीत न्हाई."

रामजी फाटक उघडून परत येत होता. आम्ही दोघी दारात आहोत हे पाहून तो वाटेतच थांबला आणि रुळांकडे तोंड करून उभा राहिला.

"जावा आता," अनसूया म्हणाली. "तुमी गेल्याबगार त्यो चुलीपाशी यायचा न्हाई, आन त्येची भाकर करपंल."

मी गेले.